आंतरराष्ट्रीय संबंधात एमए: कोकणातून कुठे जावं आणि पुढे नेमकं काय मिळतं?

वाशिष्ठी

नमस्कार. चिपळूणला टीवायबीएला आहे, विषय राज्यशास्त्र, माध्यम मराठी. पुढे आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन एमए करायचं ठरवलंय. घरून दोन वर्षांचे मिळून दीड लाखापर्यंत जमेल, त्यावर कर्ज काढायचं नाही. प्रवर्ग ओबीसी.

सरकारी विद्यापीठांत हा विषय नीट कुठे शिकवतात आणि प्रवेश कसा होतो? परराष्ट्र सेवा सोडली तर या पदवीवर कोणती कामं मिळतात, की शेवटी नेट-सेट करून प्राध्यापकीच्या रांगेतच उभं राहायचं? आणि इंग्रजी वाचन कच्चं असताना हे झेपतं का? "खूप स्कोप आहे" एवढं सांगणारे पुष्कळ भेटले. कुठला फॉर्म, कधी, किती मार्कांचं, कुठे अडतं, हे सांगणारं कुणी असेल तर फार मदत होईल.

पूर्णगड

आधी पदवीच्या नावाकडे बघ. हा एकच विषय वेगवेगळ्या पाट्या लावून शिकवला जातो. कुठे "राज्यशास्त्र, विशेषीकरण आंतरराष्ट्रीय अभ्यास", कुठे "राजकारण व आंतरराष्ट्रीय संबंध", कुठे नुसतं "आंतरराष्ट्रीय संबंध", कुठे "संरक्षण व सामरिकशास्त्र". कंपनीत किंवा अभ्याससंस्थेत नावाने काही बिघडत नाही. पण उद्या महाराष्ट्रात सहायक प्राध्यापकाची जागा निघाली की जाहिरातीत "राज्यशास्त्र" लिहिलेलं असतं आणि छाननीला बसलेले लोक गुणपत्रिकेवरचं नाव बघतात. नेटमध्येसुद्धा राज्यशास्त्र वेगळा विषय, इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज वेगळा, संरक्षणशास्त्र वेगळा. शिकवण्याची वाट उघडी ठेवायची असेल तर पदवीच्या नावात राज्यशास्त्र किंवा राजकारण हा शब्द असलेला बरा.

आता ठिकाणं. तुझ्या बजेटमध्ये पहिलं नाव जेएनयूचं. तिथलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज म्हणजे १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये सुरू झालेली संस्था. १९७० मध्ये ती जेएनयूत आली. ट्यूशन फी वर्षाला काही शे रुपये. खरा खर्च मेसचा, प्रवासाचा आणि वसतिगृह मिळेपर्यंत मुनिरका-बेर सरायला भाड्याने राहण्याचा. वसतिगृह पहिल्याच आठवड्यात मिळेल असं धरून जाऊ नकोस. दोन-तीन महिन्यांचं भाडं वेगळं काढून ठेव. पाँडिचेरी, केरळ आणि गुजरातची केंद्रीय विद्यापीठंही हा विषय शिकवतात आणि तिकडे स्पर्धा दिल्लीएवढी नसते. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांचा स्वतंत्र आणि जुना विभाग आहे. दिल्लीची साउथ एशियन युनिव्हर्सिटी सार्क देशांची मिळून आहे. तिथे वर्गात नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेची मुलं असतात आणि ते पुस्तकांपलीकडचं शिक्षण असतं. प्रवेशाचे नियम मात्र तिचे स्वतःचे आहेत.

जवळच्यांत मुंबई विद्यापीठाचा कालिन्याचा नागरिकशास्त्र व राजकारण विभाग, पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आणि गोवा विद्यापीठ. गोव्याला लोक उगाच विसरतात. चिपळूणहून कोकण रेल्वेने करमळीला उतरून पुढे विद्यापीठ आहे त्या ताळगावच्या पठारावर जाता येतं. प्रवेश जीयू-आर्ट या त्यांच्या परीक्षेवर होतो. बाहेरच्या विद्यापीठाच्या पदवीधरांना किती जागा, ते मात्र प्रवेशपुस्तिकेत आधी वाच.

केंद्रीय विद्यापीठांसाठी परीक्षा एकच, सीयूईटी पीजी. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत, परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे तुझ्या सहाव्या सत्राच्या तोंडावर. ७५ प्रश्न, प्रत्येकी ४ गुण, चुकलं की १ वजा, वेळ ९० मिनिटं. मुलं वजा गुणांना घाबरून वीस-वीस प्रश्न कोरे सोडतात, ते चूक आहे. चारपैकी एक पर्याय खात्रीने उडवता आला तर उरलेल्या तिनात अंदाज केल्याने सरासरी ०.६७ गुण पदरात पडतो. तीन प्रश्नांमागे एक बरोबर, दोन चूक: ४ वजा २, म्हणजे २.

आता मुलं नेमकी कुठे अडकतात ते सांगतो. सीयूईटीचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. निकालाच्या आगेमागे प्रत्येक विद्यापीठ आपलं पोर्टल उघडतं आणि तिथे वेगळी नोंदणी, वेगळी फी भरावी लागते. मुदत थोडक्या दिवसांची असते. चांगले गुण पडूनही ही दुसरी नोंदणी न केल्यामुळे घरी बसलेली मुलं दरवर्षी दिसतात. मे ते जुलै रोज एकदा तरी विद्यापीठाची साइट उघडायची. ईमेल येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही.

दुसरं, दाखला. केंद्रीय विद्यापीठात राज्याच्या नमुन्यातला ओबीसी आणि नॉन-क्रिमिलेयर दाखला चालत नाही, केंद्राचा नमुना लागतो. जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्यात तीन वर्षं चालणारा नॉन-क्रिमिलेयर घेऊन मुलं दिल्लीला पोचतात आणि तिथे त्यांना चालू आर्थिक वर्षाचा, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला मागतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाक आणि "केंद्र शासनाच्या नमुन्यात" असं तोंडाने स्पष्ट सांग. न सांगितलं तर राज्याचाच हातात पडतो.

बाणकोट_खाडी

सरकारी नोकऱ्यांचं मी सांगते.

परराष्ट्र सेवेसाठी एमए लागत नाही, कुठलीही पदवी चालते. रस्ता एकच, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा ३२ आणि प्रयत्न ६, ओबीसीला ३५ आणि ९. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची. एमएचा थेट उपयोग होतो तो वैकल्पिक विषयात. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाचे दोन पेपर, मिळून ५०० गुण. शिवाय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरातही परराष्ट्र धोरण आहेच. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. सक्तीचा इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा आणि फक्त पात्रतेपुरता, २५ टक्के. परराष्ट्र सेवेच्या जागा मात्र वर्षाला काही डझनच असतात, म्हणून सगळं आयुष्य त्या एका दारावर टांगून ठेवू नये.

ज्या दाराकडे आपल्याकडची मुलं बघतच नाहीत ते सांगते. एसएससीच्या, म्हणजे केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या, सीजीएल परीक्षेत "सहायक विभाग अधिकारी, परराष्ट्र मंत्रालय" असं पद असतं. पात्रता पदवी, वय २० ते ३०, ओबीसीला तीन वर्षांची सूट. वेतनस्तर ७, सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये. दिल्लीत काही काळ काढल्यावर परदेशातल्या वकिलातींत नेमणुका होतात, आळीपाळीने, आणि तिथे परदेश भत्ता वेगळा. काम प्रशासन, हिशेब, व्हिसा, वाणिज्य दूतावास अशा स्वरूपाचं. धोरण आखणारी खुर्ची ती नव्हे, पण परराष्ट्र मंत्रालयाचं कामकाज आतून कळायला यासारखी जागा नाही. परीक्षेत राज्यशास्त्र जवळजवळ नसतंच. गणित, बुद्धिमत्ता आणि इंग्रजी यावर सगळं ठरतं. पद मिळतं ते गुणवत्ताक्रम आणि पसंतिक्रम या दोन्हींवर. पसंतिक्रम भरताना हे पद खाली टाकलं तर गुण असूनही ते हातून जातं.

यूपीएससीची तयारी करायची असेल तर एमए निवडताना आणखी एक बघा. हजेरी, दर सत्राला टर्म पेपर, सेमिनार हे सगळं जिथे कडक असतं तिथे पहिल्या दोन वर्षांत पूर्व परीक्षेचा अभ्यास होत नाही. एकाच वेळी दोन्ही ओढायला गेलं की दोन्ही अर्धं राहतं. एमए मन लावून करा, चौथ्या सत्रात वैकल्पिकाच्या नोट्स पूर्ण करा, प्रयत्न त्यानंतर. ओबीसीला ३५ पर्यंत वेळ आहे, घाई करण्याचं कारण नाही.

परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप चांगली आहे. महिना १०,००० रुपये मानधन आणि एकदाचं जाण्या-येण्याचं विमानभाडं मिळतं. वर्षातून दोन सत्रं निघतात, वयाची मर्यादा २५.

तेरेखोल

वरच्या दोघांनी दारं दाखवली. मला विषय निवडण्याबद्दल बोलायचंय, कारण नोकरी तिथेच ठरते आणि मुलं ते शेवटच्या सत्रापर्यंत लांबवतात.

भारत-चीन, क्वाड, संयुक्त राष्ट्रांची सुधारणा यांवरच्या प्रबंधांनी कपाटं भरलीत. त्यांत आणखी एक घालून कुणाच्या नजरेत भरणं कठीण. उलट तुम्ही जिथे बसलात तिथे, बाणकोटपासून तेरेखोलपर्यंत, आंतरराष्ट्रीय राजकारण रोज पेटीत भरलं जातं आणि जाळ्यात ओढलं जातं. त्यावर मराठी माणसाइतकं कुणाला लिहिता येणार नाही.

हापूस घ्या. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली, सोबत अळू, कारलं, पडवळ आणि वांगं. कारण फळमाशी आणि इतर कीड. २०१३ मध्ये २०७ खेपांत ती सापडली होती. निर्यातीआधीची तपासणी आणि प्रक्रिया कडक केल्यावर आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये, मुदतीआधीच उठली. अमेरिकेने १८ वर्षांनी २००७ मध्ये दार उघडलं, पण अट कीड मारण्यासाठी फळावर किरण सोडण्याची (विकिरण), मात्रा किमान ४०० ग्रे, आणि ती देताना त्यांचा निरीक्षक हजर हवा. कोविडच्या काळात निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि आंबा असूनही अमेरिकेला गेला नाही. २०२५ च्या मे महिन्यात भारतीय आंब्याच्या १५ खेपा तिकडच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. वाद फळाचा नव्हता, विकिरण नीट झाल्याचा दाखला असलेल्या पीपीक्यू २०३ नावाच्या कागदाचा होता. परत आणण्याचं भाडं मालापेक्षा जड, म्हणून माल तिथेच नष्ट करावा लागला.

आता याच गोष्टीला वर्गातले प्रश्न लावून बघा. आरोग्याचं कारण खरं किती आणि आपल्या शेतकऱ्याला वाचवण्याचं किती? जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासूनचा सॅनिटरी व फायटोसॅनिटरी (अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्याचा) करार शास्त्रीय पुरावा मागतो, तो कुणी द्यायचा? बलवान देश आपला अधिकारी दुसऱ्याच्या जमिनीवर उभा करतो तेव्हा सार्वभौमत्वाचं काय होतं? हाच सिद्धान्ताचा पेपर आहे, फक्त पेटीच्या वाटेने आलेला.

दुसरं उदाहरण कोळंबीचं. अमेरिकेच्या १९८९ च्या कायद्यातलं कलम ६०९ सांगतं की समुद्री कासव वाचवणारं साधन न वापरता धरलेली कोळंबी आम्ही घेणार नाही. ते साधन म्हणजे ट्रॉल जाळ्याच्या खोळ्याआधी, म्हणजे मासळी गोळा होते त्या शेवटच्या पिशवीआधी, तिरकी बसवलेली गजांची चौकट. दोन गजांतलं अंतर १० सेंमीच्या आत. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हा वाद जागतिक व्यापार संघटनेत घेऊन गेले. १९९८ मध्ये अपील मंडळाने सांगितलं की कासव वाचवण्याचा हेतू मान्य, पण कायदा लावण्याची पद्धत भेदभावाची. निकाल असा दोन्हीकडे बघणारा असल्यामुळे तो आजही शिकवला जातो. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रातल्या कोळंबीची आयात थांबवलीच. इकडे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात सोडायला लोक लांबून येतात, आणि हर्णैच्या लिलावात तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणतो की चौकट लावली तर मासळीही झडपेतून जाते. एकाच किनाऱ्यावर ही दोन्ही माणसं भेटतात असा प्रबंध दिल्लीत बसून होत नाही.

दाभोळच्या वीज प्रकल्पावरूनचे लवाद, माडबनच्या प्रस्तावित (जैतापूर प्रकल्पाच्या) अणुभट्ट्या आणि फ्रान्सशी झालेला करार, खेड-दापोलीतून आखातात जाणारी माणसं आणि १९८३ चा उत्प्रवासन कायदा, रत्नागिरीत १९१६ ला वारलेला ब्रह्मदेशचा थिबा राजा आणि आजचे म्यानमारशी संबंध. यातलं एक धरा. त्याची मूळ कागदपत्रं जमवा: जागतिक व्यापार संघटनेच्या अधिसूचना, युरोपीय संघाचं राजपत्र, अमेरिकेचं फेडरल रजिस्टर, आपल्या संसदेतले तारांकित प्रश्न. हे सगळं फुकट वाचायला मिळतं.

आणि हाच विषय प्रवेशाच्या निवेदनातही घाला. "लहानपणापासून जगाची आवड" या वाक्याने सुरुवात करू नका, निवड करणारे ते दिवसातून पन्नासदा वाचतात. २०१४ ची बंदी, त्यावरचा तुमचा एक प्रश्न, तो सोडवायला काय शिकायचंय आणि याच विभागात का, एवढं ५०० ते ८०० शब्दांत.

यातून नोकरी कशी मिळते ते आता. आयात-निर्यात करणाऱ्या कंपन्या, बँका, जहाज कंपन्या आणि न्हावाशेव्याच्या आसपासचे मालवाहतूकदार यांना निर्बंध, निर्यातनियंत्रण आणि व्यापार-अनुपालन समजणारी माणसं लागतात. कुठल्या देशावर, कुठल्या बँकेवर, कुठल्या जहाजावर कुणाचे निर्बंध आहेत, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या यादीत, ही वस्तू येते का, ताज्या आंब्याचा एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ०८०४ ५० आणि गोठवलेल्या कोळंबीचा ०३०६ १७ असताना कुठल्या करारात किती शुल्क लागतं, मालाच्या मूळ देशाचा दाखला कसा सिद्ध करायचा. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्याचं शुल्काचं वेळापत्रक स्वतः उघडून दहा वस्तूंचे दर काढून बघा. मुलाखतीत हे सांगता आलं की समोरचा सरसावून बसतो. मुंबई-पुण्यात ही कामं आहेत, आणि एमएच्या मुलांना ती आपली वाटतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. सोबत एक्सेल पक्कं हवं. नुसत्या सिद्धान्तावर हे दार उघडत नाही.

जयगड_दीपगृह

तेरेखोल यांचं विषयाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी भाषेची भर घालतो.

या क्षेत्रात इंग्रजीवर एक भाषा नसेल तर बायोडाटा गर्दीत जातो. पण "थोडंफार फ्रेंच येतं" याला काडीची किंमत नाही. भाषेच्या पातळ्या ए१ ते सी२ अशा मोजणाऱ्या युरोपीय चौकटीत बी२ पातळीचं प्रमाणपत्र असेल तरच कामाच्या ठिकाणी ती भाषा धरली जाते. शून्यापासून रोज तास-दीड तास दिला तर बहुतेकांना दोन-अडीच वर्षं लागतात, म्हणजे एमएच्या पहिल्या महिन्यातच सुरू करावी लागते. दुसऱ्या वर्षी सुरू केली की पदवी संपताना तुम्ही ए२ वर असता, आणि ना इकडचे ना तिकडचे. जेएनयूत भाषांचं वेगळं स्कूल आहे, त्याचा फायदा घ्या. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज आहे, आणि कोकणातल्या मुलीसाठी मला ती फ्रेंचपेक्षा जास्त शहाणपणाची निवड वाटते. ब्राझील, अंगोला, मोझांबिक हे देश या एका भाषेत मोडतात आणि भारतात ती जाणणारे फ्रेंच जाणणाऱ्यांच्या मानाने फार थोडे. आखातावर काम करायचं असेल तर अरबी. ती संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांतलीही आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीबद्दल मुलांच्या मनात फार गैरसमज आहेत. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, न्यूयॉर्क किंवा जिनीव्हाचा खर्च आपला आपण. वायपीपी ही तरुणांसाठीची परीक्षा ३२ वर्षांपर्यंत देता येते, पण ज्या देशांचं प्रतिनिधित्व कमी आहे त्यांनाच त्या वर्षी बोलावतात. यादीत भारत आहे का हे दरवर्षी बघावं लागतं. मधला खरा रस्ता म्हणजे यूएन व्हॉलंटियर. निर्वाहभत्ता मिळतो आणि अनुभव मोजला जातो.

अभ्याससंस्थांत दिल्लीची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था, सप्रू हाउसमधली आयसीडब्ल्यूए (इंडियन काउन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स), नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन, ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन), आणि मुंबईत गेटवे हाउस. संशोधन सहायकाच्या जागा बहुधा कराराच्या, वर्ष-दोन वर्षांच्या. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात. तिथे प्रबंधाचं प्रकरण पाठवू नका. १५०० शब्दांचा, एकाच प्रश्नाचं उत्तर देणारा, तळटिपा नीट असलेला लेख पाठवा. पहिल्या परिच्छेदात उत्तर नसेल तर पुढचं वाचलं जात नाही.

एक दुरुस्ती. पूर्णगड यांनी पुण्याचा संरक्षणशास्त्र विभाग जवळचा पर्याय म्हणून एका ओळीत उरकला. सागरी सुरक्षेत रस असेल तर तो पहिल्या पसंतीचा आहे. १९९३ ची आरडीएक्सची खेप श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरली, तेव्हापासून हा किनारा सुरक्षेच्या अभ्यासाचा विषय आहे. बंदर कंपन्या आणि जहाज विमा यांना या विषयातले लोक लागतात.

वाशिष्ठी

सगळ्यांचे मनापासून आभार. सेतू केंद्र आणि सीजीएलमधलं ते पद, दोन्ही मला माहीतच नव्हतं. कोळंबीचा विषय डोक्यात पक्का बसलाय. दोन गोष्टी राहिल्या. इंग्रजी वाचनाचं काय करू? आणि सहाव्या सत्राचा निकाल लांबला तर प्रवेश जातो का?

पूर्णगड

निकालाचं आधी. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी परीक्षा देऊ शकतात. प्रवेशाच्या वेळी निकाल आला नसेल तर बहुतेक ठिकाणी हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देतात आणि गुणपत्रिका जमा करायला शेवटची तारीख ठरवून देतात. ती तारीख मात्र हलत नाही. आधीच्या पाच सत्रांच्या गुणपत्रिका आत्ताच एकत्र कर. एखाद्या सत्राचा निकाल "राखीव" दाखवत असेल तर आजच कॉलेजच्या कार्यालयात जा. जूनमध्ये तिथे रांग असते आणि परीक्षा विभागाकडून दुरुस्ती यायला आठवडे लागतात.

आता इंग्रजी. एमएला आठवड्याला दीडशे-दोनशे पानं वाचायला देतात, ती सगळी शब्द न् शब्द कुणीच वाचत नाही. लेखाचा सारांश, पहिला आणि शेवटचा भाग, मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य. लेखकाचं म्हणणं काय, तो कुणाशी भांडतोय, पुरावा काय, या तीन गोष्टी मराठीत वहीवर उतरव. हो, मराठीतच. मराठीत सांगता आलं नाही तर समजलेलं नाही. अडतो तो शब्दसंग्रह, आणि या विषयाचे नेहमीचे शब्द चारपाचशेच्या आत आहेत.

त्यासाठी सोपा सराव सांगतो. भारताच्या संविधानाची शासकीय मराठी प्रत घे आणि अनुच्छेद ५१ व २५३ इंग्रजीशेजारी ठेवून वाच. पहिल्यात आंतरराष्ट्रीय शांतता, दुसऱ्यात करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा संसदेचा अधिकार. तरतूद ओळखीची, त्यामुळे शब्द आपोआप बसतात. मग संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची कलमं २ आणि ५१. मग १९८२ चा समुद्रविषयक करार: १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र, २०० मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र. तो आपल्या १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याशी ताडून बघ. आपला कायदा आधीचा, करार नंतरचा, आणि परक्या युद्धनौकेने प्रादेशिक समुद्रातून जाताना आधी कळवायचं की नाही यावर दोघांत फरक आहे. तो फरक तुला स्वतःला सापडला की इंग्रजीची भीती निम्मी गेली म्हणून समज. रोज चार पानं, आजपासून मार्चपर्यंत.

तेरेखोल

कोळंबी धरणार असाल तर दोन पत्ते देतो. अपील मंडळाचा १९९८ चा अहवाल जागतिक व्यापार संघटनेच्या साइटवर डीएस५८ या क्रमांकाखाली आहे. तो लांब आहे, म्हणून सुरुवातीला फक्त गॅट या व्यापार कराराच्या कलम २० वरचा भाग वाचा. आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन कासव-चौकट बसवलेलं जाळं बघायला मिळतं का विचारा. गजांमधून हात घालून बघा. ऑक्टोबरनंतर जा, तोवर होड्याही समुद्रात असतात आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर तांडेलांशी बोलणं होतं. पहाटे जायचं, लिलाव उरकला की कुणाला वेळ नसतो.

बाणकोट_खाडी

आणि सीयूईटीच्या फॉर्मवर नाव, आईचं नाव, जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे अगदी तशीच भरा, आधार कार्डावर आहे तशी नव्हे. दोन्हींत फरक असेल तर आधार आत्ताच दुरुस्त करून घ्या.